खेळ आणि भाकरी

मोठ्या खेळाडूचे चरित्र सांगण्याची आपल्या समाजात एक ठरलेली रीत आहे. आधी बालपणीचे दारिद्र्य, मग अपार कष्ट आणि शेवटी कीर्ती. या तीन पायऱ्या सांगून झाल्या की कथा पूर्ण झाली, असे मानले जाते. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि ‘इच्छा तेथे मार्ग’ हे वचन पुन्हा एकदा सिद्ध झाल्याचे समाधान सर्वांना मिळते. परंतु मधल्या पायऱ्या कोणी बांधल्या आणि शेवटची पायरी ओलांडल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. केरळचे विख्यात फुटबॉलपटू आय. एम. विजयन यांचा जीवनप्रवास नेमके हेच प्रश्न विचारायला लावतो.

विजयन यांचा जन्म २५ एप्रिल १९६९ रोजी केरळमधील त्रिशूर येथे झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. वडील लवकर गेले. आईने भंगार आणि टाकाऊ वस्तू गोळा करून संसार ओढला. त्रिशूरच्या महानगरपालिकेच्या स्टेडियममध्ये सामने होत, तेव्हा हा मुलगा प्रेक्षकांत फिरून सोडा विकत असे. एका बाटलीमागे त्याला दहा पैसे मिळत. शाळेचे शिक्षण अर्थातच रखडत राहिले. ज्या मैदानात पोटासाठी बाटल्या घेऊन फिरायचे, त्याच मैदानातील खेळाने त्याला वेड लावले होते.

दहा पैशांची ही गोष्ट पुढे फार प्रसिद्ध झाली. ती हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. पण थोडा विचार केला तर तिच्यातून एक अस्वस्थ करणारे सत्यही दिसते. त्या काळी त्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा हा एकटाच मुलगा नसणार. देशातील असंख्य मैदानांवर शेंगदाणे, चहा, सोडा विकणारी मुले होती आणि आजही आहेत. त्यांच्यापैकी किती जणांच्या पायांत तेच कौशल्य होते, हे कधीच कळणार नाही. दारिद्र्य माणसाला घडवते, असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक दारिद्र्य बहुतेकांना मोडते. एखादा त्यातून वर येतो, तेव्हा त्याला कोणीतरी हात दिलेला असतो.

विजयन यांना असे हात मिळाले. त्रिशूरमध्ये मुलांसाठी फुटबॉलचे प्रशिक्षण होते, तेथे त्यांना प्रवेश मिळाला. जाणकार प्रशिक्षकांच्या नजरेने त्यांचे कौशल्य हेरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केरळ पोलिसांच्या फुटबॉल संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाला खेळाबरोबरच दोन वेळच्या अन्नाचा भरवसा मिळाला. खेळ आणि भाकरी यांतून एकाचीच निवड करण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

केरळ पोलिसांचा तो संघ भारतीय फुटबॉलच्या इतिहासात लक्षात राहण्याजोगा आहे. व्ही. पी. सत्यन, सी. व्ही. पाप्पच्चन, यू. शराफ अली यांच्यासारखे खेळाडू त्यात होते. १९९० मध्ये त्रिशूर येथेच झालेल्या फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात या संघाने गोव्याच्या साळगावकर संघाला हरवले. पुढच्याच वर्षी कन्नूर येथे मुंबईच्या महिंद्र संघाला नमवून त्यांनी तो चषक राखला. कोलकाता, गोवा आणि मुंबई येथील नामवंत संघांची मक्तेदारी सरकारी नोकरीतील मुलांनी मोडून काढली.

यानंतर विजयन यांची कीर्ती देशभर पसरली. कोलकात्यात ते मोहन बागानकडून खेळले आणि तेथील रसिकांनी त्यांना ‘कालो हरिण’, म्हणजे काळे हरिण, हे नाव दिले. पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघाने १९९६-९७ मध्ये पहिलीच राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा विजयन त्या संघात होते. १९९३, १९९७ आणि १९९९ अशा तीन वर्षी ते देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरले. १९९९ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भूतानविरुद्ध त्यांनी अवघ्या बाराव्या सेकंदाला गोल केला. २००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल विजयन यांचे होते आणि तेव्हा त्यांचे वय ३४ होते. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

सामान्यतः चरित्रे येथे संपतात. खरी कसोटी मात्र येथून सुरू होते. फुटबॉलपटूची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास आटोपते. ज्या वयात इतर माणसे आपल्या व्यवसायात स्थिर होऊ लागतात, त्या वयात खेळाडू ‘माजी’ होतो. त्याचे एकमेव भांडवल म्हणजे शरीर, आणि तेच थकलेले असते. मैदानासाठी पुस्तक सोडलेले असल्याने दुसरी विद्या हाताशी नसते. विजयन ज्यांच्याकडून खेळले त्या संघांचे काय झाले, हे पाहिले तर ही असुरक्षितता स्पष्ट होते. एफ. सी. कोचीन हा संघ १९९७ मध्ये स्थापन झाला, त्याच वर्षी त्याने ड्युरँड चषक जिंकला आणि काही वर्षांतच तो बंद पडला. जेसीटीचा संघ २०११ मध्ये विसर्जित झाला. मुंबईचा महिंद्र संघ त्याआधी एक वर्ष इतिहासजमा झाला होता. टाळ्या वाजवणारे प्रेक्षक घरी जातात, मालक हिशेब मिटवतात आणि खेळाडू एकटा उरतो.

विजयन एकटे पडले नाहीत, कारण त्यांना परतायला एक जागा होती. मैदान सुटल्यावर ते पुन्हा केरळ पोलीस दलात रुजू झाले आणि २०२५ मध्ये उपसमादेशक या पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मधल्या काळात त्यांनी चित्रपटांतही कामे केली. जयराज यांच्या ज्या ‘शांतम्’ चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, त्यात त्यांची प्रमुख भूमिका होती.

खेळाडूंना सरकारी नोकरी देणे हा इतरांवर अन्याय आहे, असा आक्षेप काही जण घेतात. गुणवत्तेची परीक्षा सर्वांना सारखी असावी, हे म्हणणे तत्त्वतः योग्यच आहे. परंतु खेळाडूने आपली परीक्षा हजारो लोकांसमोर, उघड्या मैदानात दिलेली असते. शिकण्याची आणि कमावण्याची वर्षे त्याने राज्यासाठी, देशासाठी खर्च केलेली असतात. त्या वर्षांची भरपाई करणे ही कृतज्ञता आहे. तिला मेहेरबानी म्हणणे योग्य नाही.

अर्थात, नोकरी दिली म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले, असेही नाही. विजयन यांचे सहकारी व्ही. पी. सत्यन हे भारताचे कर्णधार होते. १९९२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली केरळने १९ वर्षांनी संतोष चषक जिंकला. त्यांनाही पुढे बँकेत नोकरी होती. पण दुखापतींनी खेळ हिरावला, मनाला नैराश्याने घेरले आणि २००६ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचा दुर्दैवी अंत झाला. पगारातून पोट भरते, पण मनात निर्माण झालेली पोकळी भरत नाही. तिच्यासाठी नवे काम, नवे शिक्षण, आपुलकीची माणसे आणि योग्य वेळी उपचार लागतात.

महाराष्ट्रालाही या प्रश्नाकडे परक्याच्या नजरेने पाहता येणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यांनाही पोलीस दलात नोकरी मिळाली, पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. सन्मान उशिरा आला, तर तो घेण्यासाठी हात पुढे करणारा माणूसच उरत नाही.

आज त्रिशूरमधील लालूर येथे विजयन यांच्या नावाचे क्रीडासंकुल उभे आहे. पूर्वी त्या जागी शहराचा कचरा टाकला जात असे. ज्या मातेने टाकाऊ वस्तू वेचून मुलाला वाढवले, तिच्या मुलाचे नाव कचऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या संकुलाला मिळावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. परंतु त्या वास्तूचे खरे मोल तिच्या नावफलकावरून ठरणार नाही. तेथे येणाऱ्या गरीब मुलाला चेंडूबरोबर पुस्तक मिळते का, दुखापत झाल्यास औषध मिळते का आणि खेळ संपल्यावर सन्मानाने जगण्याचे साधन मिळते का, यावरून ते ठरेल. एका मुलाच्या बाबतीत जे घडले, ते शंभरांच्या बाबतीत घडावे यासाठी चमत्काराची वाट पाहण्याची गरज नाही. त्यासाठी प्रशिक्षण, शिक्षण आणि निश्चित रोजगार या तीन गोष्टी पुरेशा आहेत, आणि तिन्ही समाजाच्या हातात आहेत.