शरदातली पानगळ आणि सातपुड्याच्या वाटा

उत्तरपत्रिका तपासताना काही वाक्ये दरवर्षी नव्याने भेटतात. ‘शरद ऋतूत झाडांची पाने गळतात आणि सृष्टी उदास होते’ हे त्यांपैकी एक. आम्ही दोघे, एक जळगावात आणि एक धुळ्यात, गेली अठरा-वीस वर्षे मराठी शिकवतो, आणि तितकीच वर्षे ह्या वाक्याखाली लाल रेघ ओढत आलो आहोत. मुलांचा दोष फारसा नाही. इंग्रजीतल्या ‘ऑटम’ला आपण शरद म्हटले आणि त्या शब्दासोबत तिकडची पानगळही आयात केली. आपल्या सातपुड्यातला साग पाने टाकतो तो हिवाळा सरता सरता. आश्विन-कार्तिकात तो अजून हिरवाच असतो. शरदाची इथली खूण पानगळ नव्हे. नितळलेले पाणी, धुतलेले आकाश, पिवळे पडू लागलेले गवत आणि धोतराच्या काठाला चिकटणारी कुसळे ह्या त्याच्या खुणा. शिवाय दुपारचे ते ऑक्टोबरचे ऊन, ज्यात फिरायला निघायचे तर पहाटेच निघावे लागते.

ही चूक भाषांतराची आहे तितकीच पायांची आहे, असे आमचे मत आहे. जो मुलगा शरदात रानातून चालला आहे, तो हे वाक्य लिहूच शकणार नाही.

खानदेशात पाहण्यासारखे काय आहे, असे बाहेरचे लोक विचारतात. खेदाची गोष्ट अशी की आपणही तसेच विचारतो. केळी, कापूस आणि ऊन एवढ्यावर आपले भूगोलवर्णन संपते, आणि निसर्ग पाहायचा म्हणजे महाबळेश्वर गाठायचे असा समज घट्ट होतो. वास्तविक डोंगर आणि तळी ह्यांची आपल्याकडे वाण नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढणारी वाट आहे. त्याच पाटणला 1207 सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. एरंडोल तालुक्यात पद्मालयाचे कमळांचे तळे आहे. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला आणि त्याखालचे कुरण आहे, नकाणे तलाव आहे. जळगावात तर मेहरूण तलाव अगदी हाताशी. आणि सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळचा यशवंत तलाव आहे. तोरणमाळ 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात गेले. जिल्हा बदलला, म्हणून आमच्या मनातला खानदेश काही आखडला नाही.

साहित्याच्या अंगाने पाहिले तर ही उपेक्षा आणखी विचित्र वाटते. मराठी निसर्गकवितेचा विषय निघाला की ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते बालकवी धरणगावचे. 1907 साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि 1918 साली जळगावजवळच्याच भादली स्थानकानजीक रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. ‘औदुंबर’ ह्या अवघ्या आठ ओळींच्या कवितेवर आपण तासन्‌तास बोलतो. त्या कवितेत एक पायवाट आहे, हे सांगतो. तशी पायवाट आपल्या गावाबाहेर अजून आहे का, हे पाहायला मात्र जात नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंचेही तेच. त्यांच्या कवितेतले शेत हे नजरेने पाहिलेले नाही, कामाने कळलेले आहे. वर्गात मात्र आपण त्याची ‘निसर्गप्रतिमा’ करून मोकळे होतो.

इथवर आमचे म्हणणे सोपे होते: मुलांना बाहेर न्यावे. चार वर्षांपूर्वी आश्विनात आम्ही दोघांनी दोन्ही महाविद्यालयांतली मिळून वीस-बावीस मुले घेऊन तोरणमाळची वाट धरली. घाटातली गाडी खाली सोडली आणि पायवाटेने चढू लागलो. तळ्याच्या काठी बसून कवितावाचन करावे, असा आमचा बेत होता. अर्ध्या चढणीवर आमच्यापैकी एकाने दरीकडे हात करून काही काव्यमय उद्गार काढले. तेव्हा पावरा समाजातला आमचाच एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, “सर, ही बाजाराची वाट आहे. माझी आई डोक्यावर ओझं घेऊन हिच्यावरूनच उतरते.”

त्यात टोमणा नव्हता. त्याने फक्त माहिती दिली होती. पण त्यानंतर तळ्याकाठी आमचे कवितावाचन काही रंगले नाही. परतताना तो झाडे ओळखत चालला होता आणि आम्ही वहीत नावे टिपत होतो. आपट्यासारखे जोडपान असलेला अंजन कोणता, सालईचा डिंक कोठे निघतो, हे आम्हांला त्याने दाखवले. त्या दिवशी शिक्षक कोण होते हे सांगण्याची गरज नाही. दिवाळीनंतर वर्ग सुरू झाले तेव्हा तो आला नाही. घरची माणसे ऊसतोडीला गेली होती आणि तोही त्यांच्याबरोबर गेला होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल खुणा होत गेल्या. त्या आम्हीच केल्या.

तेव्हापासून शरदातल्या भटकंतीविषयी लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. शरद हा इथे वेचणीचा आणि काढणीचा ऋतू आहे, आणि डोंगरातल्या कित्येक घरांसाठी तो गाव सोडण्याचा ऋतू आहे. साक्री तालुक्यात पांझरेकाठी, फडाच्या पाटाकडेने आम्ही एकदा रमत-गमत चाललो असता शेतातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले होते, “काय हरपनं, भाऊ?” विनाकारण चालणारा माणूस काहीतरी हरवलेला असणार, हा त्यांचा तर्क. त्यांच्यासाठी त्या पाटाची वाट पाटकऱ्याच्या फेरीची होती.

मग सौंदर्यासाठी चालणे ही सुखवस्तूंची चैन म्हणून सोडून द्यावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. ह्या बाबतीत इंग्लंडातल्या सरोवरांच्या प्रदेशाची गोष्ट उद्बोधक आहे. वर्ड्स्वर्थने त्या प्रदेशाची वाटाड्या-पुस्तिका लिहिली. 1810 पासून तिच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि लोक तिकडे वळले. पुढे 1844 साली विंडरमिअरकडे रेल्वे नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याच कवीने तिला कडाडून विरोध केला. गर्दीने निसर्ग नासतो ही त्याची भीती खोटी नव्हती. पण गिरणीकामगारांना अशा सौंदर्याची जाण एकदम कोठून येणार, हा त्यामागचा सूर आज वाचवत नाही. पुढे 1932 साली ह्याच कामगारवर्गातल्या तरुणांनी डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या खाजगी माळावर मुद्दाम घुसून चालण्याचा हक्क मागितला. म्हणजे सौंदर्याची भूक कष्टकऱ्याला नसते, हे म्हणणे त्यांनी पायांनी खोडून काढले.

आमचा तो विद्यार्थी त्या वाटेकडे केवळ ओझ्याची वाट म्हणून पाहत होता, असे समजणे ही आमचीच चूक होती. अंजनाचे पान दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला दुसरा शब्द नाही. फरक इतकाच की त्याचे सौंदर्य कामापासून आणि माणसांच्या नावांपासून वेगळे काढता येत नव्हते.

म्हणून आमची मागणी माफक आहे. सातपुड्यात नवे ‘पॉइंट’, नवे कठडे आणि नव्या सिमेंटच्या कमानी उभारण्याआधी जुन्या पायवाटा राखाव्यात. त्यांची भिल्ल-पावरा लोकांच्या बोलीतली नावे विचारून घ्यावीत व तीच पाटीवर लिहावीत. वाट दाखवणारा त्या वाटेवरच्याच गावचा असावा आणि त्याला त्याचा मोबदला मिळावा. मराठीच्या प्रत्येक वर्गाने दिवाळीपूर्वी एक दिवस तरी अशा वाटेने चालावे. दिवाळीपूर्वीच, कारण त्यानंतर वर्गातली सगळी मुले असतीलच असे नाही. आणि जी नसतील त्यांच्यासाठी हजेरीच्या नियमात काही सोय करता येते का, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत मांडावा. आम्ही तो दोनदा मांडला आहे, तिसऱ्यांदाही मांडू.

उत्तरपत्रिकांतली पानगळ त्यामुळे कदाचित थांबेल. यंदाच्या गठ्ठ्यात एका मुलीने लिहिले आहे: ‘शरदात आमच्या बांधावरचे गवत पिवळे होते आणि आई कापूस वेचून आल्यावर लुगड्याची कुसळे काढत बसते.’ त्या वाक्याखाली आम्ही रेघ ओढलेली नाही.