करार कुणाच्या कपाटात?

दोस्तांनो, मी पालमचा. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता सहीवर टिकत नाही, दबाईवर टिकतो. जिथं इंजिनिअर न बघता मोजमाप पुस्तिकेत सही ठोकतो, तिथं ठेकेदार खडी खातो. बिल लटकलं, की आधी कापली जाते मजुरी. ती कुणाची, हे सांगायला पाहिजे?

२००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या करारात ५ वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात आहे. पण कलम साहेबाच्या कपाटात झोपलंय. ते आपण उठवायचं. २००५चा माहिती अधिकार नुसते कागद देत नाही. कामाची पाहणी करायचा, मालाचा नमुना घ्यायचाही हक्क देतो. अनामत परत जाण्याआधी अर्ज टाका. मोर्चाला निघताना करार खिशात ठेवा!