कुटुंब म्हणजे किती माणसे?

गेल्या डिसेंबरात इंदूरची माझी मावसबहीण कुलदेवाच्या दर्शनाला आली. सासूसासरे, नवरा, दीर-जाऊ, पोरेटोरे मिळून अकरा जण. मुक्काम मंगेशीच्या अग्रशाळेत. जावेच्या हातात कौटुंबिक पर्यटनाचे एक इंग्रजी मासिक होते, गोवा विशेषांक. तळीच्या काठावर बसून तिने ते चाळले आणि मला विचारले, "दादा, इथे जवळपास फॅमिलीसाठी काही आहे का हो?"

अकरा माणसांची फॅमिली तळीवर बसलेली, आणि फॅमिलीसाठी काही आहे का! दोष तिचा नव्हे. मी तो अंक मागून घेतला आणि रात्री नीट पाहिला.

मुखपृष्ठावर अर्थातच समुद्र. वर भरपूर मोकळे आकाश, कारण तिथे मासिकाचे नाव यायचे असते. छायाचित्र निवडतानाच ती जागा बघतात. खाली आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, हातात हात, पाठमोरी. चेहरे दिसले की ती दुसरी कोणीतरी होतात. पाठ दिसली की वाचकाला वाटते, हे आपणच. युक्ती जुनीच, तिचा मला राग नाही. राग आहे तो चार या आकड्याचा. आतली सगळी पाने उलटली, आजी कुठेच नाही. आजोबा एकदा भेटले, विम्याच्या जाहिरातीत.

हे चार आले कुठून? माझ्या मते हॉटेलच्या खोलीतून. एक डबल बेड, वर दोन पोरांची सोय, संपली खोली. जाहिराती हॉटेलांच्या, तेव्हा कुटुंबही खोलीच्या मापाने बेतलेले. अकरा जणांचे कुटुंब टेंपो ट्रॅव्हलर करते, डबे बांधून आणते, अग्रशाळेत उतरते. त्याच्यासाठी जाहिरात कोण देणार? देवस्थान?

वाचक कोण नको आहे तेही मांडणीच सांगते. रंगीत फोटोवर पांढऱ्या अक्षरांत बारीक मजकूर. मला चष्मा लावूनही तो लागेना. सासरेबुवांनी तर दोन मिनिटांत अंक मिटून ठेवला होता. आणि माणसे? किनारा रिकामा, चर्च रिकामे, जेवणाची टेबले मांडलेली पण रिकामी. रापण ओढणारे नाहीत, मासळी विकणारी बाई नाही. असा निर्मनुष्य गोवा मी जन्मात पाहिला नाही. एकदा एका मराठी पर्यटन पुरवणीसाठी मी जत्रेवर लिहिले, तेव्हा त्यांनी सोबत फोटो मागितला, "शक्यतो गर्दी नसलेला." जत्रेचा, गर्दी नसलेला! म्हणजे आपल्यांचीही नजर त्याच वळणावर गेली आहे.

मंगेशी त्या अंकात आहे बरे का. 'हेही पाहा' अशी चौकट, तीन ओळी, शेजारी घड्याळाचे चिन्ह: ३० मिनिटे.

मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, महालसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात ही दैवते पोर्तुगीज अमलातून काढून तेव्हा त्यांच्या हद्दीबाहेर असलेल्या फोंड्याच्या मुलखात आणावी लागली. देव हलले, तशी माणसेही पांगली. आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या कारवार, मंगळूर, बडोदे, इंदूर, कुठून कुठून अजून येतात. लग्न झाले म्हणून येतात, मूल झाले म्हणून येतात, बापाचा नवस राहिला होता म्हणून येतात. असल्या मासिकांच्या कितीतरी आधीपासून चालू असलेला हा कौटुंबिक प्रवास. त्याला ३० मिनिटे!

कोणी म्हणेल, मासिक हा धंदा आहे. असू दे की. मग वर 'फॅमिली' कशाला लिहिता? हॉटेलच्या पावतीवर लिहितात तसे सरळ 'मोठे दोन, लहान दोन' लिहा. आमची तक्रार नाही.

सोमवारी संध्याकाळी पालखी निघाली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवेना, दोन नातवांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरले होते. आरती झाल्यावर जावेने सगळ्यांना फोटोसाठी उभे केले. अकरावी तीच, म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला. माणसे काही केल्या चौकटीत बसेनात. मागे सरकत सरकत मी पार दीपस्तंभाला टेकलो.