जालन्याहून हललेले मनोरुग्णालय

१/ ‘मराठवाडा मागास, म्हणून तिथे वेड लागले की माणसाला देवऋषीकडे नेतात.’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आजचा धागा त्याच्या प्रतिवादासाठी.

२/ परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे मनोरुग्णालय मराठवाड्यातच, जालन्यात होते. परभणी आणि जालना एकाच रेल्वेमार्गावर आहेत.

३/ १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५३ मध्ये हे रुग्णालय हैदराबादच्या एर्रगड्डा भागात हलवण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला; रुग्णालय मात्र सीमेपलीकडे राहिले.

४/ १९६० मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला चार मनोरुग्णालये आली : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही ब्रिटिश अमदानीतील. मराठवाड्यात एकही नाही, आणि पुढे दशकानुदशके पाचवे उभे राहिले नाही.

५/ रुग्णालय गेले; दर्गा, देऊळ आणि देवऋषी जागेवरच राहिले. तेथे नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येते. ‘बाहेरची बाधा’ म्हटले की दोष रुग्णाच्या माथी येत नाही, घराण्याला बट्टा लागत नाही. अशा कुटुंबाला अडाणी ठरवणे सोपे आहे. त्याच्यापुढे दुसरी कोणती वाट होती, हे सांगणे अवघड.

६/ कोणी म्हणेल, देवऋषी पुण्या-मुंबईतही आहेत. खरे आहे. अभावाने सारेच उलगडत नाही. परंतु तेथे अंगाऱ्यासोबत औषधाचीही निवड करता येते. निवडच नसलेल्याला अंधश्रद्धेचा दोष कसा द्यावा?

७/ ‘परंपरा हाच उपचार’ म्हणणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. त्या साखळीला श्रद्धा म्हणता येणार नाही.

८/ भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. पण साखळी काढणारा कायदा औषध देत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमाने मनोविकारतज्ज्ञच दर्ग्याच्या आवारात बसवला. श्रद्धेची टिंगल न करता उपचार पोहोचवता येतो, तो असा.

९/ म्हणून पुढच्या वेळी कोणी मराठवाड्याच्या मागासपणावर बोलू लागले, तर एवढेच विचारा : १९५३ मध्ये नेलेले रुग्णालय परत कधी दिलेत?