पॅरिसमध्ये जन्मला, पॅरिसमध्येच जिंकला!

संघ हरत असला की कुणाचा तरी बळी जातो, हे खेळाच्या दुनियेत नवं नाही. पण संघ गुणतक्त्यात सर्वांच्या वर असताना त्याच्या सर्वात मोठ्या खेळाडूलाच विकून टाकलं, असं सहसा ऐकायला मिळत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये अटलांटा हॉक्सने नेमकं हेच केलं. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या पूर्व विभागात हॉक्स तेव्हा पहिल्या क्रमांकावर होते आणि त्यांच्यासाठी बारा हंगाम घाम गाळणारा डॉमिनिक विल्किन्स लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाकडे रवाना झाला. बदल्यात हॉक्सने डॅनी मॅनिंग हा तरुण फॉरवर्ड घेतला. कारण साधं, व्यवहारी होतं. विल्किन्स चौतिशीत पोहोचला होता, त्याचा करार संपत आला होता आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या घोड्यावर आणखी पैसे लावायची मालकांची तयारी नव्हती.

हा घोडा साधासुधा नव्हता. सहा फूट आठ इंच उंचीचा विल्किन्स हवेत झेपावून चेंडू बास्केटमध्ये वरून कोंबायला लागला की प्रेक्षक खुर्च्या सोडून उभे राहायचे. ‘डंक’ या प्रकाराची खास स्पर्धा त्याने १९८५ आणि १९९० अशी दोनदा जिंकली. अमेरिकेत त्याला ‘ह्यूमन हायलाइट फिल्म’ म्हणत, म्हणजे सामन्यातल्या निवडक क्षणांची चालतीबोलती फिल्म! १९८५-८६ च्या हंगामात सामन्यामागे ३०.३ गुण काढून त्याने सर्वाधिक सरासरीचा मान मिळवला. तो काळ लॅरी बर्ड, मॅजिक जॉन्सन आणि मायकेल जॉर्डन यांचा होता, हे लक्षात घेतलं की या आकड्याची किंमत कळते. जानेवारी १९९२ मध्ये त्याच्या टाचेची मुख्य शीर तुटली. उड्या मारून पोट भरणाऱ्या माणसाची टाच म्हणजे गवयाचा गळा. बत्तिशीतला विल्किन्स आता संपला, असं सगळ्यांनी धरलं. पुढच्या हंगामात तो परतला आणि सामन्यामागे २९.९ गुण काढून गेला.

पण एक गोष्ट त्याच्या कुंडलीत जणू लिहिलेलीच नव्हती. विजेतेपद! मे १९८८ मध्ये बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने ४७ गुण केले. समोर लॅरी बर्डने ३४ केले, त्यातले २० शेवटच्या पावभागात. सामना बोस्टनने ११८-११६ असा दोन गुणांनी नेला. ४७ गुण करूनही हरलेला खेळाडू म्हणून विल्किन्सचं नाव त्या सामन्याशी जोडलं गेलं ते गेलंच. टीकाकार म्हणत, हा गुण काढतो पण संघ जिंकवत नाही. याला बचावाचा कंटाळा, चेंडू हाती आला की दुसऱ्याला द्यायचा विसरतो. टीका अगदीच खोटी नव्हती. मात्र हॉक्सने त्याच्याभोवती विजेता संघ कधी उभा केला नाही, हेही तेवढंच खरं.

क्लिपर्सकडून निघून तो बोस्टनकडे गेला. तिथे १९९४-९५ मध्ये सरासरी १७.८ वर घसरली. पदार्पणाचं वर्ष सोडलं तर वीसच्या खाली ती कधीच उतरली नव्हती. मन रमेना. अशा वेळी अथेन्सहून बोलावणं आलं.

पॅनाथिनाइकोस हा अथेन्सचा जुना, लाडका क्लब. औषधांच्या व्यवसायातले यानाकोपुलोस बंधू त्याचे मालक. ग्रीसमध्ये बास्केटबॉलचं वेड किती, याचा अंदाज एका गोष्टीवरून यावा. १९८७ मध्ये अथेन्सला भरलेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ग्रीसने बलाढ्य सोव्हिएत संघाला जादा वेळेत हरवलं आणि त्या एका विजयाने गल्लोगल्ली बास्केट टांगल्या गेल्या. पण देशाच्या संघाला जे जमलं ते क्लबांना जमत नव्हतं. युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा एकाही ग्रीक क्लबने जिंकलेली नव्हती. शेजारच्या पिरेयस बंदरातला ऑलिंपियाकोस, म्हणजे पॅनाथिनाइकोसचा हाडवैरी, १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामन्यात हरला होता. त्याच्याआधी आपण ती जिंकायची, ही यानाकोपुलोस बंधूंची ईर्षा. त्यासाठी विल्किन्सला दोन वर्षांचे मिळून सुमारे ७० लाख डॉलर देऊ केल्याची बातमी तेव्हा झळकली. एनबीएतला एवढा मोठा खेळाडू, अजून खेळण्याची धमक असताना, युरोपात आला हे अप्रूपच होतं. त्याच्याआधी बॉब मॅकअडू इटलीत मिलानकडून खेळून १९८७ आणि १९८८ मध्ये युरोपचा विजेता झाला होता खरा, पण अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच.

परदेशी क्लबात खेळणारा अमेरिकन म्हणजे काय चीज असते, हे इथे समजून घ्यायला हवं. आपल्याकडच्या क्रिकेट शौकिनांना इंग्लिश कौंटी संघांचा ‘ओव्हरसीज’ खेळाडू माहीत आहे. १९९२ मध्ये यॉर्कशायरने एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला असंच नेलं होतं. युरोपच्या बास्केटबॉलमध्येही तेव्हा प्रत्येक संघाला मोजकेच, साधारण दोन परदेशी खेळवण्याची मुभा असे. त्यामुळे त्या जागेवर बसलेल्या अमेरिकनाकडून अपेक्षा सरळ असते. गुण काढ आणि सामना जिंकून दे. पगार बहुधा कर वजा जाता हातात पडतो, राहायला घर आणि फिरायला गाडी क्लबची. ऐट जावयाची, पण दोन-चार सामने वाईट गेले की परतीचं तिकीट हातात! एनबीएत ज्यांना जागा मिळत नाही असे शेकडो अमेरिकन तरुण इटली, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, इस्रायल इथे असेच दरवर्षी नवं गाव, नवी भाषा करत पोट भरतात. विल्किन्सच्या बाबतीत फरक एवढाच की तो राजा म्हणून आला होता.

आणि राजाला पहिल्याच दिवसापासून मास्तर भेटला. पॅनाथिनाइकोसचे प्रशिक्षक होते सर्बियाचे बोझिदार माल्यकोविच. स्प्लिटच्या संघाला १९८९ आणि १९९० मध्ये, तर फ्रान्सच्या लिमोजला १९९३ मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवून दिलेला हा माणूस. त्यांचा धर्म एकच, बचाव. लिमोजने अंतिम सामना जिंकला तो अवघ्या ५९ गुणांवर, यावरून काय ते ओळखा. दिवसातून दोनदा कसून सराव, चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरलाच पाहिजे, कुणाचे लाड नाहीत. एनबीएत हंगामाचे ८२ सामने असतात, तिथे सरावाला उसंतच कमी. युरोपात सामने आठवड्याला एक-दोन, बाकी सारा वेळ तालीम. सामनाही ४८ ऐवजी ४० मिनिटांचा. शिवाय एनबीएत तेव्हा बंदी असलेला ‘झोन’ बचाव इथे चालत असे. म्हणजे एका खेळाडूमागे एक असं न धावता पाचही जण बास्केटभोवती जागा धरून उभे राहत. विल्किन्ससारख्या झेपावणाऱ्याला ही भिंतच. पस्तिशीतला हा तारा आणि शिस्तीचा तो करडा मास्तर यांचे खटके उडणार नाहीत तरच नवल! ते उडालेही आणि वर्तमानपत्रांना वर्षभर खाद्य मिळालं.

गंमत अशी की एकमेकांशी न पटणाऱ्या या दोघांना एकमेकांची गरज मात्र होती. हळूहळू विल्किन्स रिबाउंडसाठी झोंबू लागला, बचावात पाय हलवू लागला. ग्रीक चषक पॅनाथिनाइकोसने जिंकला. आणि एप्रिल १९९६ मध्ये युरोपच्या चार सर्वोत्तम क्लबांची अंतिम फेरी भरली ती पॅरिसमध्ये.

पॅरिस! विल्किन्सचा जन्मच तिथला. वडील अमेरिकन हवाई दलात होते, नेमणूक फ्रान्समध्ये होती आणि १२ जानेवारी १९६० रोजी तिथे झालेल्या या मुलाचं नाव आईबापांनी ठेवलं होतं झाक डॉमिनिक. पुढे बदल्यांमागून बदल्या होत कुटुंब नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावी स्थिरावलं आणि पॅरिस मागे पडलं. छत्तिसाव्या वर्षी तो तिथे परतला तो भाडोत्री सैनिक म्हणून.

उपांत्य सामन्यात मॉस्कोच्या बलदंड सीएसकेएविरुद्ध त्याने एकट्याने ३५ गुण केले आणि पॅनाथिनाइकोस ८१-७१ असा जिंकला. दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, अंतिम सामना बार्सिलोनाशी. बर्सीचं स्टेडियम हिरव्या झेंड्यांनी भरलेलं. पॅनाथिनाइकोसने चांगली आघाडी घेतली, पण बार्सिलोना इंचाइंचाने जवळ येत राहिला. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा फरक होता फक्त एका गुणाचा.

चेंडू होता पानायोतिस यानाकिसच्या हाती. १९८७ च्या त्या ऐतिहासिक विजयातला हा खेळाडू आता सदतीस वर्षांचा झाला होता. योगायोग पाहा, १९८२ मध्ये एनबीएच्या ज्या खेळाडू-निवडीत विल्किन्सचा तिसरा क्रमांक लागला, त्याच निवडीत अगदी शेवटी शेवटी बोस्टनने यानाकिसचंही नाव घेतलं होतं, पण तो अमेरिकेला खेळायला गेलाच नाही. चौदा वर्षांनी दोघं एकाच रंगाच्या बनियनमध्ये होते. आणि त्या क्षणी यानाकिसच्या हातून चेंडू सुटला! बार्सिलोनाचा मोन्तेरो तो घेऊन मोकळ्या मैदानातून सुसाट सुटला. समोर कुणी नाही. त्याने चेंडू फळ्यावर ठेवला... आणि मागून अख्खं मैदान धावत आलेल्या सात फुटांहून उंच स्टॉयको व्रान्कोविचने तो थापटून उडवला.

चेंडू आधी फळ्याला लागला होता का? लागला असेल तर नियमाने बार्सिलोनाला दोन गुण आणि सामनाही. चित्रफीत पाहणाऱ्या बहुतेकांना तो लागलेलाच दिसतो. त्यात घड्याळही मध्येच अडकलं होतं. पण शिट्टी वाजली नाही. पॅनाथिनाइकोस ६७, बार्सिलोना ६६. तक्रारी झाल्या, निकाल मात्र बदलला नाही. अंतिम सामन्यात १६ गुण आणि १० रिबाउंड घेणाऱ्या विल्किन्सला फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं. आयुष्यातलं पहिलं मोठं विजेतेपद त्याला मिळालं ते जन्मगावी, परक्या देशाच्या झेंड्याखाली.

या विजयात नशिबाचा वाटा मोठा होता, असं बार्सिलोनावाले आजही म्हणतात. म्हणू देत. १९८८ च्या बोस्टनचं काही देणं नशिबाकडे बाकी होतंच की!

संसार मात्र टिकला नाही. ग्रीक लीगच्या अंतिम मालिकेत पाचव्या सामन्यात ऑलिंपियाकोसने पॅनाथिनाइकोसला ७३-३८ असं अक्षरशः चेचलं, वातावरण बिघडलं आणि कराराचं दुसरं वर्ष खेळायला विल्किन्स थांबला नाही. १९९६-९७ मध्ये सॅन अँटोनियोकडून तो खेळला. सामन्यामागे १८.२ गुण काढले, संघ ६२ सामने हरला. आणि १९९७ मध्ये त्याने पुन्हा बॅग भरली, या वेळी इटलीतल्या बोलोन्याला.

बोलोन्या शहर एकच, पण क्लब दोन आणि दोघांत विस्तव जात नाही. इटलीत क्लब पुरस्कर्त्याचं नाव लावतात, त्यामुळे त्या वर्षी विर्तुस झाला होता ‘किंडर’, म्हणजे चॉकलेटवाला, आणि फोर्तितुदो झाला होता ‘टीमसिस्टम’. किंडर श्रीमंत, घरात चषकांची रांग. फोर्तितुदोकडे एकही मोठा चषक नव्हता. विल्किन्स आला तो फोर्तितुदोकडे. इटालियन चषक जिंकून त्याने क्लबची पाटी कोरी ठेवली नाही. मग लीगच्या अंतिम मालिकेत हे दोन शेजारीच समोरासमोर आले. दोन-दोन अशी बरोबरी. ३१ मे १९९८ रोजी किंडरच्या मैदानावर पाचवा सामना.

जेमतेम १८ सेकंद उरले होते आणि फोर्तितुदो ७२-६८ असा पुढे होता. हातातोंडाशी आलेला घास. किंडरच्या साशा दानिलोविचने लांबून तीन गुणांचा फटका मारला. तीन गुण गेले असते तरी फोर्तितुदो एका गुणाने पुढेच राहिला असता. फक्त त्याला हात लावायचा नव्हता. अडवायला उडी मारणाऱ्याचा हात लागला, शिट्टी वाजली, चेंडू जाळीत आणि वर एक फ्री थ्रो. एका फटक्यात चार गुण, ७२-७२. जादा वेळेत किंडरने सामना ८६-७७ असा जिंकला. तो हात होता विल्किन्सचा.

पंचांनी कडक शिट्टी दिली, असं फोर्तितुदोचे पाठीराखे म्हणत राहिले. दिली असेलही. पण अशा वेळी हात मागे घेऊन उभं राहायचं असतं, हे शाळेच्या संघातली पोरंही जाणतात. अडतीस वर्षांच्या, सोळा हंगाम खेळलेल्या माणसाकडून ते व्हावं? आयुष्यभर ज्याच्यावर ‘बचाव करत नाही’ असा शिक्का बसला, तो नको त्या क्षणी बचाव करायला गेला! बोलोन्यात आजही ‘चार गुणांचा फटका’ एवढंच म्हटलं तरी पुरे, अर्ध्या शहराचा चेहरा उतरतो आणि अर्ध्याचा खुलतो.

इटलीतून परतल्यावर १९९९ मध्ये ओरलँडोकडून तो थोडे सामने खेळला. धाकटा भाऊ जेराल्डही त्याच संघात होता. त्यानंतर त्याने बूट उतरवले. एनबीएतले एकूण गुण २६,६६८. तरीही १९९६ मध्ये, म्हणजे पॅरिस जिंकलं त्याच वर्षी, एनबीएने जाहीर केलेल्या सर्वकालीन ५० श्रेष्ठांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ते आलं २०२१ मध्ये, यादी वाढवून ७५ वर्षांची केली तेव्हा. २००६ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं होतं आणि २०१५ मध्ये अटलांटाच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाही उभा राहिला. ज्या हॉक्सने त्याला विकलं, त्यांनीच तो उभारला.

खेळ सोडल्यावर थोड्याच काळात त्याला मधुमेह असल्याचं निदान झालं. त्याचे वडील याच दुखण्याने गेले होते. तेव्हापासून आहार, व्यायाम आणि रक्ततपासणी याबद्दल तो गावोगाव फिरून लोकांशी बोलत आला आहे.