काचेची पाटी आणि आपला अंगठा

टॅब्लेट म्हटले की आमच्या आजीला अजूनही डोकेदुखीवरची गोळी आठवते, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. पण या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ लहान फळी किंवा लिहावयाची पाटी असा आहे. म्हणजे ज्या पाटीवर आपल्या आजी-आजोबांनी अक्षरे गिरवली आणि ओल्या फडक्याने पुसली, तीच पाटी आता काचेची होऊन घरोघर परत आली आहे, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या बेळगावात तर 'पाटी' हा शब्द दोन्ही भाषांच्या घरांत नांदतो. मराठी मूल पाटी-दप्तर घेऊन शाळेला निघते, शेजारचे कन्नड मूल 'पाटीचीला' घेऊन निघते; आतली पाटी एकच!

परंतु पाटी ही लिहिण्यासाठी असते. या नव्या पाटीवर आपण खरोखर काय लिहितो, असा प्रश्न मला पडला आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. टॅब कसा बनवतात हे मला सांगता येणार नाही. पण त्याच्या साक्षीने व्यवहार कसा होतो हे मी रोज पाहतो, आणि त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे वाटते.

ज्यांनी या यंत्राची कल्पना प्रथम केली त्यांच्या मनात लिहिणे होते. १९७२ मध्ये ॲलन के या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'डायनाबुक' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढे यंत्र, मुलाने ते बरोबर घेऊन फिरावे, त्यावर वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत आणि स्वतःच्या बुद्धीने काही नवे रचावे, अशी ती कल्पना होती. बाजारात टॅब खऱ्या अर्थाने रुजला तो २०१० मध्ये ॲपल कंपनीचा आयपॅड आल्यानंतर. आपल्या देशात ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी म्हणून मोठ्या गाजावाजाने प्रसिद्ध झाला. त्याचा वेग मंद होता आणि पडदा जोराने दाबावा लागे. ते आकाश फार दिवस टिकले नाही. पण गरिबाच्या मुलाच्या हातीही ही पाटी यावी, हा विचार मात्र टिकला. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, कर्नाटक सरकारने सरकारी पदवी महाविद्यालये, अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनातल्या सुमारे दीड लाख विद्यार्थ्यांना टॅब देण्याचे काम हाती घेतले, ते याच विचाराने.

आज आपल्या शहरात एक फेरी मारली तर टॅब कुठे कुठे भेटतो? खडेबाजारातल्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसलेल्या बायकांपुढे आधी टॅब येतो, मग साडी. घडी न मोडता पन्नास नमुने दाखवता येतात, हा दुकानदाराचा फायदा. हॉटेलात वेटर टॅबवर बोट ठेवून 'दोन मसाला डोसा' आत पोचवतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात माझा मित्र सुटीत काम करतो. तिथे कास्टिंगचे ड्रॉइंग आता टॅबवर पाहतात. हातमोजा घातलेले बोट त्या काचेला कळत नाही, म्हणून दर वेळी हातमोजा काढून, बोट पुसून मग ड्रॉइंग मोठे करावे लागते. घरी आल्यावर तोच टॅब आईला भाजीची कृती सांगतो, आजोबांना कीर्तन ऐकवतो आणि न जेवणाऱ्या पोराला घास भरवतो. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासापेक्षा अधिक दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. पण चिऊ-काऊचा घास भरवायला आता घरात माणूस रिकामा नसतो, हेही तितकेच खरे.

या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे. मोबाइल ही ज्याची त्याची खासगी वस्तू, ती सहसा कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. टॅब हा दोघांच्या मध्ये ठेवण्याचा असतो. दुकानदार तो गिऱ्हाइकाकडे वळवतो, डॉक्टर रुग्णाकडे, बँकेचा माणूस खातेदाराकडे. पण वळवतो कोण आणि किती वळवतो, हे ज्याच्या हातात टॅब असतो तोच ठरवतो. दुसऱ्याने पाहायचे तेवढेच, आणि शेवटी दाखवलेल्या जागी बोट ठेवायचे. खरी अडचण इथेच आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरी एका बँकेचा तरुण प्रतिनिधी आजीचे खाते उघडण्यासाठी आला. पूर्वी खाते उघडायचे म्हणजे बँकेत चार हेलपाटे; आता बँकच टॅब घेऊन दारात येते. ही सोय मोठीच आहे, आणि आजीच्या गुडघ्यांना तिची किंमत विचारावी! आजी मराठी चौथी शिकलेली. रोज सकाळी हरिपाठ वाचते, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचते, आणि लग्नानंतर सासरच्या नावाची सही तिने घोटून घोटून वळणदार केलेली आहे. त्या तरुणाने नाव, पत्ता, आधार क्रमांक भरला आणि मग टॅब तिच्यापुढे धरला. पडद्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांची पाने होती. "काय लिहिलंय रे बाळा यात?" आजीने विचारले. "नेहमीचंच असतं अज्जी, इल्ली ओत्तरी," तो म्हणाला. इथे दाबा! आजीला बाजारापुरते कन्नड येते, तिला ते कळले. जोडलेल्या छोट्या यंत्रावर तिने अंगठा ठेवला. पन्नास वर्षे अभिमानाने सही करणाऱ्या बाईचा त्या दिवशी अंगठा घेतला गेला.

ती पाने मराठीत किंवा कन्नडमध्ये दिसतील का, असे मी त्या तरुणाला विचारले. त्याने प्रामाणिकपणे सगळीकडे शोधले. तशी सोय त्यात नव्हती. तो जरा ओशाळून म्हणाला, "आजवर कुणी विचारलंच नाही."

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला दिवसात ठरावीक खाती उघडायची असतात. पण त्याचे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी 'अंगठेबहाद्दर' हा शब्द पुसून टाकण्यासाठी रात्रीच्या शाळा चालवल्या, साक्षरतेचे वर्ग घेतले. सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उठवला म्हणून जमिनी गेल्याच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या आहेत. आणि आज लिहिता-वाचता येणारी माणसे काचेवर न वाचता बोट ठेवू लागली आहेत! यात आजी एकटी नाही. 'मला मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवण्यापूर्वी वरचा मजकूर वाचणारे आपल्या वर्गात किती निघतील? इंग्रजी येणारेही वाचत नाहीत, मग ज्यांना येत नाही त्यांनी काय करावे?

आता कुणी म्हणेल, कायदा काय करतो? माझ्या माहितीप्रमाणे कायदा अगदीच झोपलेला नाही. खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्याच्या स्लिपा, पासबुके असे ग्राहकाच्या वापराचे सर्व छापील साहित्य इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक अशा तीन भाषांत ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या ग्राहकसेवेविषयक परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते. पण त्यातला शब्द 'छापील' आहे. कागद गेला, टॅब आला आणि तीन भाषांची एक झाली! एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या बाबतीत आणखी पुढचे पाऊल टाकले. कर्जदाराला मुख्य अटींचे एक पत्रक द्यावे, ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावे आणि ते त्याला समजावून सांगून तशी पोच घ्यावी, असा तो आदेश आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा तर असे म्हणतो की, माणसाची माहिती वापरण्यास संमती मागताना ती मागणी इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला मिळाला पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदीच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी त्यात आहे, कन्नड आहे, कोकणीही आहे. तुम्ही कुठल्या राज्यात राहता, याची अट तिथे नाही.

समजणाऱ्या भाषेने काय फरक पडतो, याचे एक साधे उदाहरण आपल्याच विषयातले देतो. कुणी २४,००० रुपयांचे कर्ज बारा महिन्यांसाठी 'सरळ बारा टक्क्यांनी' देऊ केले. व्याज २,८८० रुपये, म्हणजे महिना हप्ता २,२४० रुपये. ऐकायला बारा टक्के बरे वाटतात. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच आकारले जाते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. वर प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी वाढतो. हा खरा वार्षिक दर त्या मुख्य अटींच्या पत्रकात लिहावाच लागतो. तो मराठीत किंवा कन्नडमध्ये समोर आला तर बचत गटातली बाई हप्ता मान्य करण्याआधी एकदा थांबेल. इंग्रजीत आला तर ती दाखवलेल्या जागी बोट ठेवील.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, व्यापाराची भाषा इंग्रजीच, देशी भाषांत तिचे शब्द कुठे आहेत? मराठी माध्यमातून एसएसएलसी होऊन मी जेव्हा पीयूसीच्या वर्गात बसलो, तेव्हा डेबिट-क्रेडिट हे शब्द माझ्याही कानांवरून गेले. पण त्यांच्यामागे 'नावे' आणि 'जमा' उभे आहेत असे दिसताच विषय सोपा झाला. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, मुद्दल, उचल हे शब्द आपल्या पेढ्यांवर वापरातले आहेत. रविवार पेठेतल्या जुन्या व्यापाऱ्याला ते कुणी शिकवावे लागत नाहीत. यंत्राचीही अडचण नाही. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींना त्यात जागा आहे. काचेवर बोटाने 'ळ' काढला तर तो आज साध्या टॅबलाही ओळखता येतो. यंत्राला अक्षर येते. फक्त ते मागणारा पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्या भागातला आणि नाजूक आहे. भाषेचा विषय काढला की इथे लगेच कुठली वर आणि कुठली खाली, हा वाद सुरू होतो. तो वाद फलकावरचा आहे. फलकाला लांबी-रुंदी असते, एकाचे अक्षर मोठे झाले की दुसऱ्याचे लहान होते. काचेच्या पाटीला ही मर्यादा नाही. एका बोटाने कन्नड, एका बोटाने मराठी, हवी तर उर्दू. कुणाची जागा कुणी खात नाही. माझ्या कन्नड मित्राच्या आजीलाही ती इंग्रजी पाने वाचता येत नाहीत. तेव्हा या बाबतीत मराठी विभाग आणि कन्नड विभाग यांचे दुखणे एक आहे आणि औषधही एकच आहे. एवढ्या एका मागणीसाठी तरी आपल्या दोन विभागांनी एकत्र येण्यास काय हरकत आहे?

मग आपण काय करावे? मोर्चा काढावा असे मी सुचवीत नाही. आपल्या वाणिज्य मंडळाने बँकेत आणि कर्जाच्या कागदांत येणाऱ्या शंभर शब्दांची मराठी, कन्नड व इंग्रजी अशी यादी करावी. प्राध्यापकांनी ती तपासून द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, झाडे लावतो. तिथे एक संध्याकाळ मुख्य अटींचे पत्रक कसे वाचावे यासाठी द्यावी. ज्यांच्या घरी टॅब आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी त्यावर आपल्या लिपीत काही लिहावे, मग तो घरखर्चाचा हिशेब असो की टिपणे. नुसती पाहण्याची सवय लागलेल्या हाताला लिहिण्याची सवय पुन्हा लावावी लागते.

आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे विचारणे. बँकेत, दवाखान्यात, विम्याच्या माणसासमोर, जिथे कुठे टॅब पुढे येईल तिथे तो हातात घ्यावा, 'हे मराठीत दाखवा', 'हे कन्नडमध्ये दाखवा' असे शांतपणे सांगावे, आणि नसेल तर तसे लेखी कळवावे. बरोबर घरातले वडीलधारे असतील तर त्यांच्या वतीने तर नक्कीच विचारावे. एकाने विचारले तर तो तरुण ओशाळतो. दहा जणांनी विचारले तर तो वरिष्ठांना कळवील. हजारांनी विचारले तर पाटीवर आपली अक्षरे उमटतील. तोपर्यंत आपण कितीही शिकलो, तरी त्या काचेसमोर आपली नोंद अंगठा देणाऱ्यांतच होत राहणार.