अनुभव किती?

आयटीआय झालेल्या पोराला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "अनुभव किती?" मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. इंजिनियरिंग संपलं, कंपनीने घेतलं आणि तीन महिने पगार देऊन शिकवलं. बॅचमध्ये मेकॅनिकलवाले होते, सिव्हिलवाले होते, सगळे चालले. इन्फोसिसने तर 2004 सालीच 'कॅम्पस कनेक्ट' काढून कॉलेजांशी संधान बांधलं. माणूस हवा तर त्याला घडवायचा खर्च मालकानेही उचलावा, हे आयटीवाल्यांना पटलं. मग फिटर-इलेक्ट्रिशियनच्याच बाबतीत घोडं कुठे अडतं?

कागदावर सगळं आहे हो. अप्रेंटिस कायदा 1961 चा. 2007-08 मध्ये केंद्राने 1396 सरकारी आयटीआयसाठी योजना आणली : प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज आणि उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली समिती. 2016 मध्ये जर्मनीच्या धर्तीवर 'ड्युअल सिस्टिम' आली. थोडं आयटीआयत शिका, थोडं कारखान्यात.

गोम अशी की, हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर मोठा कारखाना असतो. 2019 च्या नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असली तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं, त्याखाली मालकाची मर्जी. आता आमचा गोंदिया बघा. तिरोड्याचा 3300 मेगावॅटचा अदानींचा वीज प्रकल्प सोडा, जिल्ह्याची ओळख धानाची आणि राईस मिलची. बऱ्याच मिलमध्ये कायमची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे कायदा दारावरूनच परत जातो.

पण मिल आता साधी राहिलेली नाही. सॉर्टेक्स मशीन कॅमेऱ्याने काळा दाणा हेरतं आणि हवेच्या झोताने उडवतं. उकडा तांदूळ करायला बॉयलर लागतो, आणि बॉयलरवर कायद्याने प्रमाणपत्रवाला अटेंडंट. मशीन बिघडलं की बाहेरचा मेकॅनिक येईस्तोवर मिल ठप्प. आणि गावचा इलेक्ट्रिशियन पोरगा मात्र पुण्याला कंत्राटावर!

एकट्या मालकाची भीतीही खोटी नाही. पोरगा शिकवला की शेजारचा पळवतो. म्हणून मला वाटतं, भागीदारी एका मिलशी नको, दहा मिलशी मिळून करावी. दोन महिने एकाकडे बॉयलर, दोन महिने दुसऱ्याकडे सॉर्टेक्स. विद्यावेतन सगळ्यांनी वाटून द्यायचं. 2016 च्या राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेत त्याचा चौथा हिस्सा, 1500 रुपयांपर्यंत, केंद्राने द्यायचं ठरलंच आहे. दिवाळीच्या सुमारास नवं धान येतं तेव्हा पोरं मिलमध्ये, पावसाळ्यात वर्गात. जर्मनीत छोटा बेकरीवालासुद्धा शिकाऊ पोरगा घेतो; परीक्षा मात्र व्यावसायिकांचं चेंबर घेतं, बेकरीवाला नाही.

"अप्रेंटिस म्हणजे पोती उचलायला स्वस्तातला गडी," असं कुणी म्हणेल. धोका आहेच. म्हणून आयटीआयच्या सरांनी पंधरवड्यातून एकदा मिलमध्ये जावं, पोराची कामाची वही तपासावी, आणि वहीत नुसती पोतीच दिसली तर त्या मिलला पुढच्या वर्षी पोरगा देऊ नये. साधा नियम आहे.

अशक्य काय आहे त्यात? 2008 च्या सुमारास आमच्याच बिरसी विमानतळावर एअरपोर्ट्स अथॉरिटी आणि कॅनडाची सीएई कंपनी एकत्र आली, वैमानिक घडवायला. लाखांनी फी भरणाऱ्यांसाठी गोंदियात भागीदारी जमते. मग फी भरायला धान विकणाऱ्यांच्या पोरांसाठी का जमू नये?